नवी रिम घेण्याआधी सेन्सरचं ठरवा

थार, जिम्नी, गुरखा किंवा स्कॉर्पिओसाठी नव्या रिम घ्यायच्या म्हटलं की चर्चा होते ती रंगाची, इंचांची आणि टायरच्या नक्षीची. हवेचा दाब सांगणाऱ्या सेन्सरची आठवण होते ती बिल चुकतं झाल्यावर, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकायला लागला की. तोपर्यंत जुन्या रिम टायरवाल्याने बदल्यात घेतलेल्या असतात आणि त्यांच्या आतले चार सेन्सरही गेलेले असतात. म्हणून पहिलं काम रिम बघण्याचं नाही, आपल्या गाडीत नेमकी कोणती यंत्रणा आहे ते ओळखण्याचं.

यंत्रणा दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात प्रत्येक चाकात व्हॉल्व्हच्या मुळाशी एक सेन्सर बसवलेला असतो. तो टायरमधला दाब आणि तापमान मोजून रेडिओ लहरींवर गाडीला कळवतो. स्क्रीनवर चारही चाकांचे वेगवेगळे आकडे दिसत असतील तर तुमच्याकडे हीच यंत्रणा आहे. थारच्या एलएक्स मॉडेलमध्ये कंपनी तिला टायरट्रॉनिक्स म्हणते. दुसऱ्या प्रकारात चाकात काहीच नसतं. एबीएसचे (ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचे) सेन्सर चाकांच्या फिरण्याचा वेग मोजतात. हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं, त्यामुळे ते इतरांपेक्षा जास्त वेगाने फिरतं, आणि तेवढ्यावरून इशारा मिळतो. इथे आकडा दिसत नाही, फक्त दिवा लागतो.

दुसऱ्या प्रकारची गाडी असेल तर रिम निवडताना सेन्सरची काळजी नाही, पण एक सवय लावून घ्यावी लागते. नवे टायर बसवले, चाकं आलटूनपालटून लावली किंवा हवा भरली की टायर थंड असताना दाब बरोबर करून रीसेटचं बटण दाबायचं. गाडी त्या क्षणीचा दाब ‘बरोबर’ म्हणून शिकून घेते. मातीत उतरण्यासाठी हवा कमी केलेली असताना दिवा लागला म्हणून कोणी रीसेट दाबलं, तर १८ पीएसआय हाच योग्य दाब असं गाडी धरून चालते आणि मग हायवेवरही गप्प राहते. चारही चाकांची हवा सारखीच कमी झाली तरी ही यंत्रणा अनेकदा फसते, कारण तुलना करायला वेगळं चाक उरत नाही.

यापुढचं सगळं मुख्यतः पहिल्या प्रकारच्या गाड्यांसाठी आहे.

पैसे देण्याआधी रिममध्ये काय बघायचं

नेहमीची मापं आधी. पीसीडी (नटांच्या भोकांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास), मधल्या भोकाचा व्यास, ऑफसेट (गाडीला टेकणारा भाग रिमच्या मध्यापासून किती आत-बाहेर आहे ते अंतर), रुंदी आणि नटची बैठक ही पाचही जुळली पाहिजेत. जिम्नीचं उदाहरण घ्या: पाच नट, १३९.७ मिमी पीसीडी, मधलं भोक १०८ मिमीच्या आसपास, नटचे आटे १२ बाय १.२५, कंपनीचा टायर १९५/८० आर १५. मधलं भोक मोठं असलेली रिम बसते खरी, पण मग ती हबवर (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर) न टेकता केवळ नटांच्या भरवशावर मध्यात राहते आणि ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. नटची बैठक शंकूसारखी, गोल किंवा सपाट असते. शंकूच्या बैठकीत सपाट नट लावला तर तो सैल होणारच. रिमवर भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आहे का तेही बघा. रिम मडगार्डच्या फार बाहेर येत असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा प्रश्न येतो, आणि गाडी ठाणे किंवा नवी मुंबई आरटीओत कुठल्याही कामासाठी नेल्यावर तो समोर उभा राहतो.

थारमध्ये १८ इंची अलॉय काढून १६ इंची रिम लावायची पद्धत बरीच आहे, आणि तिला कारण आहे. २५५/६५ आर १८ टायरची भिंत १६६ मिमी उंच असते, तर २४५/७५ आर १६ ची १८४ मिमी. दगडांत रिम वाचवायला ते १८ मिमी कामाला येतात. टायरचा एकूण व्यास मात्र साधारण १५ मिमीने, म्हणजे जेमतेम २ टक्क्यांनी कमी होतो. स्पीडोमीटर तेवढा वेग जास्त दाखवेल, इतकंच.

आता व्हॉल्व्हचं भोक. याच्याकडे कोणी बघत नाही आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. रिम हातात घ्या, उजेडात धरा आणि भोकाच्या आतल्या बाजूने बोट फिरवा. चार गोष्टी तपासायच्या आहेत. भोकाचा व्यास ११.३ ते ११.५ मिमीच्या घरात हवा. मोठ्या गाड्यांच्या काही लोखंडी रिमना १५.७ मिमीचं भोक असतं, त्यात नेहमीच्या सेन्सरची रबरी गादी सैल बसते आणि हवा हळूहळू निसटत राहते. भोकाभोवती दोन्ही बाजूंना सपाट जागा हवी, कारण धातूच्या व्हॉल्व्हचा नट आणि आतली गादी तिथे टेकतात. स्वस्त रिममध्ये हाच भाग ओतीव आणि खडबडीत सोडलेला असतो. जाड पावडर कोटिंगने भोकाच्या कडेला गोळा झाला असेल तर तो काढून घ्यावा लागतो. आणि शेवटचं, भोकामागे सेन्सरच्या डबीला जागा हवी. ऑफ-रोड रिमचा खोलगट भाग व्हॉल्व्हच्या अगदी जवळून सुरू होत असेल तर डबी रिमला टेकते, नट आवळताना तिची मान पिळली जाते आणि काही महिन्यांत ती तुटते.

याची खात्री करायची एकच पद्धत आहे: टायर चढवायच्या आधी मोकळ्या रिमवर सेन्सर बसवून बघणं. डबी रिमला टेकता कामा नये, रिमच्या कडेच्या वरही यायला नको, आणि व्हॉल्व्ह बाहेरच्या बाजूला दगड लागेल इतका पुढे आलेला नसावा. दुकानदाराला हे दहा मिनिटांचं काम आहे. तो करू देत नसेल तर दुसरं दुकान बघा.

बीडलॉक रिम घेणाऱ्यांनी जास्त सावध राहावं. खऱ्या बीडलॉकमध्ये बाहेरची कडी बोल्टने आवळून टायरची कड पकडलेली असते. बाजारात नुसत्या शोभेचे बोल्ट लावलेल्या रिमही त्याच नावाने विकल्या जातात, त्यांच्यावर विसंबून हवा उतरवू नका. काही बीडलॉकमध्ये व्हॉल्व्हचं भोक इतकं आत किंवा तिरकं असतं की चाकातला सेन्सर बसतच नाही.

जुना सेन्सर की नवा

सेन्सरची बॅटरी डबीत कायमची बंद केलेली असते, बदलता येत नाही. आयुष्य साधारण ५ ते १० वर्षं. गाडी पाच वर्षांच्या आतली असेल तर जुने सेन्सर नव्या रिममध्ये नेणं परवडतं. सात-आठ वर्षांची असेल तर नवेच घ्या, नाहीतर वर्षभरात एकेक सेन्सर मरत जाईल आणि प्रत्येक वेळी टायर उतरवण्याची, बॅलन्सिंगची मजुरी द्यावी लागेल.

नवा घेताना वारंवारिता बघा. भारतातल्या गाड्यांत बहुतेक ४३३.९२ मेगाहर्ट्झचे सेन्सर असतात. अमेरिकेतल्या अनेक गाड्यांत ३१५ चे. परदेशातून कोणी ‘सेम टू सेम’ म्हणून आणलेला ३१५ चा सेन्सर तुमच्या गाडीला ऐकूच येणार नाही. कंपनीचा मूळ भाग महाग वाटला तर ऑटेल किंवा श्रेडरसारख्यांचे प्रोग्रॅम करता येणारे सेन्सर मिळतात. त्यांत तुमच्या गाडीच्या मॉडेलची भाषा भरावी लागते, म्हणजे ज्याच्याकडे ते यंत्र आहे अशाच दुकानात जायला हवं.

अशा सेन्सरमध्ये जुन्या सेन्सरचा ओळख क्रमांकही उतरवता येतो. मग गाडीला बदल झाल्याचं कळतच नाही, नव्याने शिकवायची गरज राहत नाही. रस्त्यासाठी एक आणि मातीसाठी एक असे दोन संच ठेवणाऱ्यांना हे फार सोयीचं. फक्त दुसरा संच गाडीच्या मागे टाकून फिरू नका, एकाच क्रमांकाचे दोन सेन्सर आसपास असले की स्क्रीनवरचे आकडे गोंधळतात.

बसवणं

टायरवाल्याकडे गेल्यावर पहिलं वाक्य हेच असू द्या: ‘आत सेन्सर आहेत.’ रबरी व्हॉल्व्हचे सेन्सर बाहेरून साध्या नळीसारखेच दिसतात आणि टायर उतरवताना पहिल्याच दाबात डबी फुटते.

पूर्ण हवा काढल्यावर मशीनचा बीड (टायरची रिमवर बसणारी कड) दाबणारा फाळ व्हॉल्व्हच्या बरोबर विरुद्ध बाजूला लावायचा, दोन्ही अंगांनी. टायर उतरवताना आणि चढवताना बीडवर सगळ्यात जास्त ताण ज्या जागी येतो, तिथे व्हॉल्व्ह असता कामा नये. चढवताना बीडचा शेवटचा तुकडा सेन्सरवरून ओढला गेला तर डबीची मान मोडते. मशीन फिरवायच्या आधी व्हॉल्व्ह कुठे आहे ते खडूने टायरवर मांडून ठेवा, म्हणजे कारागिराला वाकून बघावं लागत नाही.

धातूच्या व्हॉल्व्हला प्रत्येक वेळी नवं किट लावायचं: रबरी गादी, वॉशर, नट, व्हॉल्व्हची पिन आणि टोपी. गादी एकदा दाबली गेली की तिचा आकार बदलतो, दुसऱ्यांदा ती हवा धरेलच असं नाही. गादीला तेल किंवा ग्रीस लावू नका, साबणाचं पाणी पुरे. नट टॉर्क पान्ह्याने आवळायचा. सेन्सरच्या कागदावर दिलेला आकडा पाळा. तो बहुधा ४ ते ८ न्यूटन मीटरच्या दरम्यान असतो, म्हणजे फारच थोडा. हवेची गन इथे चालत नाही. नट एकदा आवळून मग गादी बसली म्हणून पुन्हा आवळायचा मोहही टाळा, त्यात व्हॉल्व्हला चीर जाते.

पिन निकेलचा मुलामा असलेलीच हवी. व्हॉल्व्ह अॅल्युमिनियमचा आणि पिन पितळेची असली की ओलाव्यात दोन्ही धातू एकमेकांना खातात. ठाणे खाडीच्या काठाने ऐरोली, वाशी, बेलापूरपर्यंतची खारट दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत हे काम लवकर होतं. पितळेची किंवा चकचकीत धातूची टोपी त्याच कारणाने व्हॉल्व्हला चिकटते. पकडीने फिरवली की टोपीबरोबर व्हॉल्व्हच तुटून हातात येतो आणि चाक एका मिनिटात बसतं. साधी प्लास्टिकची, आत रबर असलेली टोपी लावा. धूळ आणि चिखल अडवायला ती पुरते.

टायर बसल्यावर व्हॉल्व्हच्या मुळाशी साबणाचं पाणी टाकून बुडबुडे बघा, मग बॅलन्सिंग करा. सेन्सर आणि व्हॉल्व्ह मिळून साधारण २५ ते ४० ग्रॅम भरतात, त्यामुळे आधीची वजनं तशीच ठेवून चालत नाही. चाकाचे नट ताऱ्याच्या क्रमाने, मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. नव्या रिमचा रंग बैठकीत दबतो, त्यामुळे नट थोडे सैल पडतात. बऱ्याच जणांच्या चाकातून येणारा ‘टक टक’ आवाज तिथलाच असतो.

गाडीला ओळख पटवणं

काही गाड्या नवे सेन्सर चालता चालता स्वतःच शिकतात. टायर मॅन्युअलमधल्या दाबाला भरून १५–२० मिनिटं न थांबता चालवायची. उभ्या गाडीतले सेन्सर झोपलेले असतात, चाक फिरल्यावरच जागे होतात, म्हणून सिग्नलवर दर मिनिटाला थांबत हे होत नाही. पाम बीच रोडवर पहाटेची एक फेरी, नाहीतर ठाणे-बेलापूर रस्ता मोकळा असताना. काही गाड्यांना मेनूमधून शिकण्याच्या अवस्थेत नेऊन, एका छोट्या यंत्राने प्रत्येक चाकाजवळ सेन्सर जागा करावा लागतो. चाकांचा क्रम मॅन्युअलमध्ये असतो आणि तो चुकला तर पुढच्या चाकाचा आकडा मागे दिसतो. उरलेल्यांना ओबीडी सॉकेटमधून (गाडीतले दोष तपासायचं यंत्र जिथे जोडतात तिथून) क्रमांक भरावे लागतात.

काम झालं की नाही ते असं तपासा: एका चाकातून ५ पीएसआय हवा सोडा, थोडं चालवा आणि स्क्रीनवर त्याच चाकाचा आकडा उतरतो का बघा. दिवा एक-दीड मिनिट लुकलुकून मग स्थिर राहत असेल तर गाडीला एखादा सेन्सर सापडत नाहीये. न लुकलुकता सरळ स्थिर लागला तर हवा खरंच कमी आहे. या दोन्हींत लोक गल्लत करतात आणि सेन्सरचा दोष समजून पंक्चर टायरवर चालवत राहतात.

आकडा किती ठेवायचा

दाराच्या खांबावरच्या स्टिकरवरचा दाब कंपनीच्या टायरसाठी असतो. जाड भिंतीचा एलटी (लाइट ट्रक) टायर लावला तर तेवढंच वजन पेलायला त्याला सहसा जास्त दाब लागतो. टायर कंपनीचा भार-दाब तक्ता मागून घ्या. गाडीची इशारा देण्याची पातळी मात्र जुन्या आकड्यावरच अडकलेली राहते, आणि ती बऱ्याच गाड्यांत ठरवलेल्या दाबाच्या २५ टक्के खाली असते. ३५ पीएसआय ठरलेला असेल तर दिवा २६ च्या आसपास लागतो. नव्या टायरला ४० लागत असतील, तर दिवा लागेपर्यंत तो धोकादायकरीत्या मऊ झालेला असेल. म्हणून दिव्याची वाट न पाहता आकडेच बघायची सवय हवी.

तापमानाचा हिशेब एकदा मांडून बघा. टायरमधलं तापमान दर साडेपाच अंशांनी बदललं की दाब सुमारे १ पीएसआयने बदलतो. घोडबंदर रोडच्या कोंडीतून आलेला तापलेला टायर पंपावर ३५ ला भरला, तर थंड झाल्यावर तो ३१ च्या आसपास येतो. त्याच टायरवर मुरबाडमार्गे माळशेजला मुक्कामाला गेलात आणि हिवाळ्याच्या पहाटे ठाण्यापेक्षा १५ अंश कमी तापमान असलं, तर आणखी पावणेतीन पीएसआय उतरतात: २८. दिव्यापासून दोन पीएसआय दूर, आणि टायरला कुठेही भोक नाही. हवा भरायची ती घरून निघताना, थंड टायरमध्ये; त्यासाठी एक चांगला हातातला गेज आणि १२ व्होल्टचा पंप घ्या. घाटमाथ्यावर हातातल्या गेजचा आकडा ७०० मीटर उंचीला साधारण १ पीएसआयने वाढलेला दिसेल. बऱ्याच सेन्सरवर ही वाढ दिसत नाही, कारण ते बाहेरच्या हवेशी तुलना न करता निव्वळ दाब मोजतात. दोन्हींत तेवढा फरक आला तर घाबरू नका.

कर्जत, शहापूरकडच्या दगडी वाटांवर २२ ते २५ पीएसआय, भुसभुशीत मातीत १५ ते १८. साध्या रिमवर १५ च्या खाली गेलात तर वळणावर टायर रिमवरून निसटू शकतो. २० च्या खाली असताना वेग ३०–४० च्या आत ठेवा आणि डांबरी रस्ता लागला की आधी हवा भरा. या काळात दिवा लागणारच, लागू द्या. तो बंद करण्यासाठी चारही सेन्सर पीव्हीसी पाइपच्या बंद तुकड्यात घालून त्यात हवा भरून ठेवण्याची एक युक्ती फिरत असते. ती करू नका. परतीच्या वाटेवर खऱ्या टायरला खिळा लागला तरी पाइपातले सेन्सर ३५ च दाखवत राहतील.

टोपीसारखे बाहेरचे सेन्सर

गाडीत यंत्रणाच नसेल किंवा रिममध्ये सेन्सर बसत नसेल तर व्हॉल्व्हच्या टोकाला टोपीच्या जागी फिरवून बसवायचे सेन्सर मिळतात, सोबत डॅशबोर्डवर ठेवायचा, सौर ऊर्जेवर चालणारा छोटा स्क्रीन. बॅटरी बदलता येते, बहुधा सीआर १६३२. रस्त्यासाठी चांगले आहेत. पण हा सेन्सर पिन आत दाबून धरतो, त्यामुळे तो दगडाला लागून तुटला तर हवा थेट बाहेर. रबरी नळीवर त्याचं वजन सतत हलत राहून मुळाशी चीर पडते. लावायचेच असतील तर आखूड धातूचे व्हॉल्व्ह बसवा आणि दगडी वाट सुरू होण्याआधी सेन्सर काढून खिशात ठेवा.

पंक्चर काढताना टायरमध्ये जेल भरून घेऊ नका. ते सेन्सरच्या बारीक छिद्रात वाळतं आणि आकडा एका जागी गोठतो. नाइलाजाने भरावंच लागलं तर पुढच्या थांब्याला टायर उतरवून आतून धुऊन घ्या. पट्टी मारलेलं पंक्चर सेन्सरला काही करत नाही.

स्टेपनीचंही आधीच ठरवा. २०२० मधल्या नियमदुरुस्तीनंतर ट्यूबलेस टायर, दुरुस्ती किट आणि ही दाबयंत्रणा असलेल्या छोट्या गाड्या स्टेपनीशिवाय विकता येतात, पण मातीत जाणाऱ्या गाडीला पूर्ण मापाची स्टेपनी हवीच, आणि ती नव्या रिमच्याच ऑफसेटची. तिच्यात पाचवा सेन्सर बसवला नसेल तर ती लावल्यावर दिवा लुकलुकेल. तो पंक्चरचा नाही हे गाडी चालवणाऱ्या घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या. गाडीत कायम ठेवायच्या पिशवीत: हातातला गेज, पंप, पट्टीचं किट, पिन काढायची किल्ली, निकेलच्या चार पिना, प्लास्टिकच्या चार टोप्या, दोन साधे आखूड रबरी व्हॉल्व्ह. सेन्सरचा व्हॉल्व्ह आडवाटेला तुटला तर जवळचा पंक्चरवाला हे साधे व्हॉल्व्ह बसवून तुम्हाला घरी पोचवू शकतो.